जुन्या संगणकाला एसएसडी : तो थांबतोय कशासाठी?

मागच्या वेळी आपण रॅमबद्दल बोललो, तेव्हा बऱ्याच जणांच्या चिठ्ठ्या आल्या होत्या. घरचा संगणक सात-आठ वर्षांचा झालाय, सुरू व्हायला पाच मिनिटं लावतो, आता नवाच घ्यायचा का? आजचं बोलणं त्या चिठ्ठ्यांसाठी आहे. आमचं म्हणणं एवढंच, की पैसे काढण्याआधी आपला संगणक नेमका कशासाठी थांबतोय ते बघावं. जुन्या घरगुती यंत्रांत तो बहुतेक वेळा हार्ड डिस्कसाठी थांबलेला असतो, आणि हार्ड डिस्क बदलता येते.

हे घरच्या घरी तपासता येतं. विंडोजमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकदम दाबल्या की टास्क मॅनेजर उघडतो. संगणक चालू केल्या केल्या, तो कुंथत असतानाच, हे करा. सीपीयूचा आकडा पंधरा-वीस टक्क्यांवर निवांत आणि डिस्कचा शंभरावर खिळलेला दिसला, तर दुखणं सापडलं. मात्र शेजारचा मेमरीचा रकानाही बघून घ्या. रॅम अपुरी पडली की विंडोज डिस्कचाच एक कोपरा रॅमसारखा वापरू लागतं, आणि त्यापायीही डिस्क शंभरावर जाते. मेमरी सतत नव्वदच्या वर असेल आणि रॅम चारच जीबी असेल, तर दोन्ही बदलावं लागेल.

आता ही डिस्क एवढी हळू का, ते समजून घेऊ. हार्ड डिस्कच्या आत चकचकीत तबकड्या गरगर फिरत असतात आणि एका दांडीच्या टोकाला असलेलं हेड त्यांच्यावरची चुंबकीय नोंद वाचतं. लॅपटॉपमधली तबकडी साधारणपणे मिनिटाला ५४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद. हवी ती नोंद हेडखाली येईपर्यंत सरासरी अर्धा फेरा वाट बघायची, त्याआधी दांडी योग्य जागी न्यायची, त्याचे आणखी दहा-बारा मिलिसेकंद. एका वाचनाला असे पंधरा-सतरा मिलिसेकंद जातात. ऐकायला हे काहीच नाही. पण याचा अर्थ ही डिस्क सेकंदाला साठेक ठिकाणांहूनच वाचू शकते. आणि संगणक सुरू होताना त्याला तबकडीभर विखुरलेल्या हजारो बारीकसारीक फाइली लागतात. समजा दहा हजार वाचनं लागली, तर साठच्या हिशेबाने पावणेतीन मिनिटं नुसती वाट बघण्यात गेली. एसएसडीला एका वाचनाला मिलिसेकंदाचा दहावा भाग पुरतो. तेच काम एका सेकंदाचं झालं.

गंमत बघा. आयबीएमने १९५६ साली रामॅक नावाच्या संगणकाबरोबर पहिली हार्ड डिस्क बाजारात आणली. कपाटाएवढ्या त्या यंत्रात ५० तबकड्या होत्या, त्यावर ५० लाख अक्षरं मावत, आणि त्या मिनिटाला १२०० फेरे घेत. आज घरच्या डेस्कटॉपमधली डिस्क ७२०० घेते. तेव्हापासून एक टीबीच्या डिस्कपर्यंत साठवण दोन लाख पट झाली, फिरणं मात्र सहा पट! तबकडी किती जोरात फिरवणार, याला मर्यादा असतेच.

एसएसडीत फिरणारं काहीच नाही. तिच्यातली नँड फ्लॅश मेमरी तोशिबा कंपनीतल्या फुजिओ मासुओका यांनी १९८७ साली जगापुढे मांडली. अतिसूक्ष्म कप्प्यांत विजेचा भार कोंडून ठेवायचा आणि त्यावरून नोंद ओळखायची, हे तिचं मूळ तत्त्व. वीज गेली तरी भार आत राहतो. पण तिची एक खोड लक्षात ठेवा, पुढे ती कामाला येणार आहे. लिहिलेल्या कप्प्यावर थेट दुसरं लिहिता येत नाही. आधी मोठा गट्ठाच्या गट्ठा पुसावा लागतो, आणि प्रत्येक पुसण्यागणिक कप्पे थोडे झिजतात.

दुकानात गेलात की तुम्हाला वेग सांगतील. साध्या साटा एसएसडीचा सेकंदाला ५५० एमबी, एनव्हीएमईचा ३५०० एमबी किंवा त्याहून जास्त. आकडे खरे आहेत, पण ते एक मोठी फाइल सलग वाचण्याचे आहेत. घरच्या वापरात आपल्याला छळते ती वाट बघणं, आणि ती साटा एसएसडीनेच जवळजवळ संपते. जुन्या यंत्राला महागडी एनव्हीएमई बसवण्यात आम्हाला तरी फारसा अर्थ दिसत नाही. तेच पैसे रॅमवर घाला.

बसणार कोणती, हा प्रश्न मात्र आधी सोडवा. जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते, तिच्या जागी त्याच मापाची एसएसडी बसते. एसएसडी सात मिलिमीटर जाड असते आणि काही जुन्या डिस्का साडेनऊ, तेव्हा खुळखुळू नये म्हणून प्लास्टिकची चौकट लावतात. एम डॉट टू नावाची च्युइंगगमच्या पट्टीसारखी जी असते, तिथे लोक हमखास फसतात. एम डॉट टू हे आकाराचं नाव आहे. त्याच आकारात साटाही मिळते आणि एनव्हीएमईही, आणि तुमच्या मदरबोर्डची खाच दोहोंपैकी एकीलाच ओळखत असेल असं होऊ शकतं. मॉडेल नंबर घालून कंपनीचं मॅन्युअल बघा, मगच विकत घ्या. काही पातळ लॅपटॉपमध्ये साठवण बोर्डावरच डाखवलेली असते. तिथे आपला इलाज चालत नाही.

आकार ५०० जीबीच्या आसपासचा घ्यावा. २५६ मध्ये विंडोज सुखाने राहतं, पण फोटो राहत नाहीत. ५०० ची आणलीत आणि संगणकाने ४६५ दाखवली, तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका: कंपनी हजाराच्या पटीत मोजते, विंडोज १०२४ च्या. भांडायचं ते अवास्तव स्वस्त मालाबद्दल. दोन टीबी म्हणून विकल्या जाणाऱ्या काही बनावट ड्राइव्हमध्ये आत जेमतेम काही जीबी असतात. त्या दोन टीबी असल्याचं सांगतात आणि भरल्यावर जुन्या फाइली गिळतात. लॅमिंग्टन रोडवर घ्या, तपकीर गल्लीत घ्या, नाहीतर ऑनलाइन घ्या, पण नाव असलेल्या कंपनीची आणि पक्क्या बिलावर घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी फोटो, कागदपत्रं, टॅलीचा डेटा, जे काही परत मिळणार नाही ते, वेगळ्या डिस्कवर उतरवून घ्या. आणि उतरवलेलं उघडून बघा. क्रिस्टलडिस्कइन्फो नावाचं मोफत सॉफ्टवेअर जुन्या डिस्कची तब्येत सांगतं. तिथे धोक्याची खूण दिसली, तर क्लोनिंगच्या नादी लागू नका. मरणाऱ्या डिस्कला आधी महत्त्वाच्या फाइलींसाठी वापरा; अख्खी डिस्क वाचायला लावलीत तर ती अर्ध्यातच मान टाकण्याची भीती असते.

डिस्क धडधाकट असेल तर दोन रस्ते आहेत. एक म्हणजे क्लोन करणं. यूएसबीला साटा जोडणारी वायर मिळते, तिने नवी एसएसडी बाहेरून जोडायची आणि जुनीची हुबेहूब नक्कल तिच्यावर उतरवायची. इथे कुठून आणि कुठे, हे दोन रकाने तीनदा वाचा. उलटे निवडलेत, तर कोरी डिस्क तुमच्या भरलेल्या डिस्कवर उतरते. दुसरा रस्ता विंडोज नव्याने टाकण्याचा. आम्ही शक्यतो हाच सुचवतो, कारण आठ वर्षांचा कचरा नव्या घरात कशाला न्यायचा? कोणत्याही रस्त्याने गेलात तरी बिटलॉकर चालू आहे का ते बघा, आणि असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. ती नसेल तर कुलूपबंद डिस्क कुणालाच उघडता येत नाही.

प्रत्यक्ष बसवणं हे यातलं सगळ्यात सोपं काम. वीज बंद, लॅपटॉप असेल तर बॅटरीची वायर काढायची, हात धातूला लावून अंगातली स्थिर वीज घालवायची, स्क्रू कुठला कुठे होता याचा मोबाइलवर फोटो काढायचा. डेस्कटॉपच्या डब्यात, ज्याला आपण सगळे सीपीयू म्हणतो त्यात, एसएसडी दोन स्क्रूंवरही नीट राहते. तिला थरथर नाही. बसल्यावर डीफ्रॅग करू नका. ती तबकडीची गरज होती, इथे त्याने नुसती झीज होते. विंडोजला एसएसडी ओळखता येते, ते आपलं आपण बघून घेतं.

झिजण्याची काळजी बरेच जण करतात. हिशेब सांगतो. ५०० जीबीच्या ड्राइव्हवर कंपनी १५० टीबी लेखनाची हमी देते असं धरू. बऱ्याच कंपन्या जास्तच देतात. घरात रोज २० जीबी लिहिले गेले, आणि हे भरपूर झालं, तरी वर्षाला ७.३ टीबी होतात. म्हणजे वीस वर्षं.

खरी भीती वेगळीच आहे. जुनी डिस्क जाण्याआधी पुष्कळदा कुरकुरते, टकटक करते, हळू होते. एसएसडी बऱ्याचदा काही न बोलता जाते. दुसरं असं, की मघाशी सांगितलेल्या त्या खोडीमुळे तुम्ही फाइल डिलीट केलीत की विंडोज एसएसडीला ट्रिम नावाचा निरोप देतं: हे कप्पे आता रिकामे समज. एसएसडी सवडीने ते पुसून टाकते. हार्ड डिस्कवर चुकून उडालेले लग्नाचे फोटो रिकव्हरीवाला काढून देऊ शकायचा, कारण तिथे नोंद बराच काळ तशीच पडून असायची. एसएसडीवर ती आशा धरू नका. त्यामुळे जुनी डिस्क लगेच फॉरमॅट करू नका. दोन-तीनशे रुपयांची केसिंग मिळते, तीत घालून ती बाहेरची डिस्क म्हणून ठेवा आणि महिन्याकाठी तिच्यावर बॅकअप घ्या. उलट एसएसडी भरून कपाटात वर्षानुवर्षं ठेवून देणं बरं नाही. विजेविना कोंडलेला भार हळूहळू गळतो.

एक चिठ्ठी विंडोज १० बद्दल आहे. त्याचा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, इंटेलचा असेल तर साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. एसएसडी यातलं काही बदलू शकत नाही. संगणक त्याहून जुना असेल, तर एसएसडीवर लिनक्स मिंट टाका. ब्राउझर, पत्रं, मुलांचा अभ्यास याला ते पुरतं. टॅलीसारखं विंडोजवरचंच काही अडत असेल आणि नेटवर बँकेचं कामही त्याच यंत्रावर होत असेल, तर मात्र नवा घ्या, आम्ही अडवणार नाही.

आणि जुनी डिस्क बॅकअपलाही नको असेल, तर ती तशीच भंगारवाल्याला देऊ नका. साधं फॉरमॅट केल्याने तिच्यावरचं आधार कार्ड, पासबुकाचे स्कॅन जात नाहीत. आधी पूर्ण पुसणारं सॉफ्टवेअर चालवा. डिस्क बंदच पडली असेल तर ड्रिलने तबकडीला आरपार दोन-तीन भोकं पाडा आणि मग ई-कचरा घेणाऱ्यांकडे द्या.