संग्रहालयातील उमेदवारी

कोल्हापूर येथे पंचगंगेच्या काठी ब्रह्मपुरी नावाची एक टेकडी आहे. १९४० ते १९५० या दशकात तेथे खोदकाम झाले, तेव्हा मातीखाली सातवाहनांच्या काळातील एका संपन्न वसाहतीचे अवशेष आढळले. विटा, नाणी, मणी आणि खापरे यांच्याबरोबर काशाच्या काही सुबक वस्तूही हाती लागल्या. त्यांत वीतभरही उंच नसलेली एक मूर्ती होती. ती आपल्याकडील कोणत्याही देवतेची नव्हती. प्राचीन ग्रीक लोक ज्याला समुद्राचा देव मानीत, त्या पोसायडनची ती मूर्ती होती. आणि सुमारे अठराशे-एकोणीसशे वर्षांपूर्वी रोमन साम्राज्यातून व्यापाराच्या वाटेने ती सह्याद्री ओलांडून आली होती. आज ती कोल्हापूरच्या टाऊन हॉलमधील वस्तुसंग्रहालयात पाहावयास मिळते.

आता अशी कल्पना करा, की या मूर्तीची नोंद हरवली आणि तिच्यावरील क्रमांकही पुसला गेला. मूर्तीचा टवकाही उडालेला नाही, तिचे वजन गुंजभरही घटलेले नाही. तरीही तिचे मोल जवळजवळ नाहीसे होईल. पोसायडनच्या मूर्ती युरोपातील संग्रहालयांत अनेक आहेत. त्यांतच ही आणखी एक, एवढेच तिच्याविषयी म्हणता येईल. ‘ब्रह्मपुरी, कोल्हापूर’ हे दोन शब्द तिच्यासोबत आहेत, म्हणूनच ती रोम आणि करवीर यांच्यातील व्यापाराची साक्ष देते. वस्तू आणि तिची हकीकत यांना जोडणारा हा धागा अतिशय नाजूक असतो. तो तुटू न देणे हेच संग्रहालयाचे खरे काम होय; आणि हे काम शिकण्यासाठी आज अनेक विद्यार्थी संग्रहालयात उमेदवारी करतात.

‘उमेदवारी’ हा शब्द हल्ली निवडणुकीच्या संदर्भातच अधिक ऐकू येतो. पूर्वी कचेरीत किंवा छापखान्यात तरुण मुले काही काळ बिनपगारी अथवा अल्प वेतनावर राहून काम शिकत, त्याला उमेदवारी म्हणत. त्याच अर्थाने आता इंटर्नशिप हा इंग्रजी शब्द रूढ झाला आहे. संग्रहालयशास्त्र हा स्वतंत्र अभ्यासाचा विषय आहे. बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात त्याचे शिक्षण १९५२ सालापासून दिले जाते. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयातही त्याचा अभ्यासक्रम आहे. उमेदवारीला मात्र या शास्त्राचेच विद्यार्थी येतात असे नाही. इतिहास, चित्रकला, रसायन, भाषा असे निरनिराळे विषय घेतलेली महाविद्यालयीन मुलेमुली सुट्टीतील काही आठवडे संग्रहालयाला देतात.

पहिल्या दिवशी त्यांतील बहुतेकांची निराशा होते. आपण तलवारी हाताळू, राजवस्त्रे जवळून पाहू, आलेल्या लोकांना माहिती सांगू, अशी त्यांची कल्पना असते. प्रत्यक्षात त्यांना मिळते एक मेज, एक पट्टी, मऊ शिशाची पेन्सिल आणि जाडजूड नोंदवही. शाईचे पेन दाराबाहेर ठेवावे लागते, कारण शाईचा डाग निघत नाही. काम करण्याची जागाही लोकांच्या वर्दळीच्या दालनांत नसून आतील भांडारात असते. संग्रहालयातील बहुसंख्य वस्तू तेथेच असतात. पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयाचे उदाहरण घ्या. दिनकर केळकर यांनी आपल्या अकाली मृत्यू पावलेल्या राजा या मुलाच्या स्मरणार्थ ते उभारले. तेथे वीस हजारांहून अधिक वस्तू आहेत. परंतु प्रेक्षकांना दिसतो तो त्यांतील लहानसा भाग.

उमेदवाराला पहिला धडा मिळतो तो वर्णन लिहिण्याचा. समोर एक अडकित्ता ठेवलेला असतो. नवखा विद्यार्थी लिहितो, ‘पितळी अडकित्ता, जुना, सुंदर.’ अभिरक्षक ही ओळ खोडावयास सांगतात. ‘जुना’ म्हणजे किती? पाते पितळेचे आहे की लोखंडाचे? आणि ‘सुंदर’ हा शब्द तर नोंदवहीत सर्वथा निरुपयोगी आहे; त्यावरून शंभर अडकित्त्यांतून हा एक ओळखता येणार नाही. मग विद्यार्थी पुन्हा पाहू लागतो. लांबी मोजतो, वजन करतो. दांड्यांना मोराचा आकार दिला आहे, डाव्या मोराचा तुरा तुटला आहे, खिळा नंतर बदललेला दिसतो, पात्याला मधोमध खाच आहे, असे एकेक त्याच्या ध्यानात येते. वस्तूतील व्यंगे तर आवर्जून लिहावयाची असतात. दहा वर्षांनी दुसरा तुराही तुटलेला दिसला, तर तो केव्हा तुटला हे याच नोंदीवरून कळते. आणि दुर्दैवाने चोरी झाली, तर वस्तू ओळखण्यास तुटक्या तुऱ्याइतकी खात्रीची खूण दुसरी नसते.

यानंतर क्रमांक. प्रत्येक वस्तूला एकच क्रमांक असतो आणि तो पुन्हा दुसऱ्या वस्तूला कधीही दिला जात नाही. काही ठिकाणी ज्या वर्षी वस्तू आली त्या वर्षाचा अंक आधी, मग टिंब आणि त्यापुढे अनुक्रमांक, अशी पद्धत आहे. धातूच्या किंवा मातीच्या वस्तूवर सहज नजरेस न येणाऱ्या जागी रोगणाचा पारदर्शक थर देतात, तो वाळल्यावर बारीक अक्षरांत क्रमांक लिहितात आणि वर पुन्हा थर देतात. वस्तूला इजा न होता हा थर पुढे काढता यावा असेच रोगण वापरतात. वस्त्रावर असे काही लावता येत नाही. तेथे क्रमांक लिहिलेली सुती फीत दोन-चार सैल टाक्यांनी शिवतात. कागदावर पेन्सिलीने हलकेच लिहितात. ३ चा ८ झाला किंवा टिंब गळले, की एका वस्तूची हकीकत दुसरीला चिकटते. अशी चूक पुढे पन्नास वर्षेही कोणाच्या लक्षात येत नाही. म्हणून एकाने लिहावयाचे आणि दुसऱ्याने मोठ्याने वाचून ताडून पाहावयाचे, असा शिरस्ता असतो.

वस्तू उचलण्याचेही शिक्षण घ्यावे लागते. घडा काठाला धरून उचलावयाचा नाही आणि सुरई तिच्या कानाला धरून तर मुळीच नाही, कारण जेथे जोड तेथे ती दुबळी असते. एक हात तळाला व दुसरा अंगाला देऊन ती उचलावी आणि आधी मेजावर जाड मऊ कापड अंथरावे. घामातील क्षारांनी धातूवर डाग पडतात, म्हणून नाणी हाताळताना हातमोजे घालतात. काचेच्या वस्तूंना मात्र सुती हातमोजे चालत नाहीत. त्यांतून वस्तू निसटते. कागदालाही स्वच्छ धुतलेले कोरडे हातच बरे. मोज्याच्या जाड बोटांनी पान उलटताना जीर्ण कडा फाटतात.

मुंबईसारख्या ठिकाणी पावसाळ्याची चिंता असते. दमट हवेत कागदावर बुरशी येते, तलवारीच्या पात्यावर गंज चढतो आणि जुन्या पोथ्यांत कसर शिरते. त्यापेक्षाही हवा एकदम दमट व एकदम कोरडी होणे वाईट, कारण लाकूड फुगते, आकसते आणि शेवटी तडकते. उमेदवार रोज ठरलेल्या वेळी उष्णता व आर्द्रता मोजून तक्त्यात लिहितात. प्रकाशही मोजतात. मेणबत्तीपासून एक मीटर अंतरावर जेवढा उजेड पडतो, त्याला सुमारे १ लक्स म्हणतात. जुनी वस्त्रे आणि रंगीत चित्रे यांच्यावर ५० लक्सपेक्षा अधिक उजेड पडू नये असा दंडक आहे, कारण उजेडाने उडालेला रंग अंधारात ठेवल्याने परत येत नाही. संग्रहालयाच्या काही दालनांत इतका अंधार का, अशी तक्रार प्रेक्षक करतात, त्याचे उत्तर हे आहे.

जेथे जुनी कागदपत्रे आहेत, तेथील उमेदवारी अधिक कठीण आणि, खरे सांगावयाचे तर, अधिक रंजक असते. मराठेशाहीतील बहुतेक पत्रव्यवहार मोडी लिपीत आहे. कागदांच्या गठ्ठ्यांना ‘रुमाल’ म्हणतात, कारण ते कापडाच्या चौकोनात बांधून ठेवण्याची रीत होती. एखादे काम ‘बासनात गुंडाळून ठेवले’ असे आपण म्हणतो, तेही अशाच बांधणीवरून. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे गावोगाव हिंडले आणि असे कागद मिळवून त्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या ग्रंथाचे बावीस खंड प्रसिद्ध केले. त्यांच्या पुढाकाराने १९१० साली पुण्यात स्थापन झालेल्या भारत इतिहास संशोधक मंडळात असे कागद आजही अभ्यासिले जातात.

या पत्रांवरील सन वाचताना उमेदवाराची खरी कसोटी लागते. पेशवाईतील कागदांवर पुष्कळदा सुहूर सन असतो आणि तो अंकांनी न लिहिता अरबी शब्दांनी लिहिलेला असतो. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, अर्थात ११६१. त्यात ५९९ मिळविले की इसवी सन १७६० येतो. परंतु सुहूर वर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते मृग नक्षत्राच्या सुमारास, पेरणीच्या दिवसांत सुरू होते. म्हणून जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंतच्या पत्रांसाठी ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ या दिवशी झाली, ती याच ११६१ सालात. आता लढाईनंतर आठ दिवसांनी लिहिलेले एखादे पत्र उमेदवाराच्या हाती आले आणि त्याने डोळे मिटून ५९९ मिळविले, तर ते पत्र जानेवारी १७६० मध्ये जाऊन बसेल. लढाईत पडलेल्या वीरांचा शोक लढाईच्या आधी वर्षभर केला जात आहे, असा विलक्षण देखावा मग उभा राहील! यासाठी नोंद करताना मूळ शब्द जसेच्या तसे उतरून घेतात आणि इसवी सन त्याखाली निराळा मांडतात. बेरीज चुकली तरी मूळ शब्द शाबूत राहतात आणि पुढचा अभ्यासक ती सुधारू शकतो.

विद्यार्थी केवळ शिकतात, संग्रहालयाला काही देत नाहीत, असे मात्र समजू नये. धान्य मोजण्याची पितळी मापे पुष्कळ संग्रहालयांत असतात. १९५६ च्या कायद्यानंतर देशात हळूहळू मेट्रिक मापे आली आणि जुन्या मापांची नावे शहरांतून लोपली. दोन चिपटी म्हणजे एक मापटे, दोन मापटी म्हणजे एक शेर, चार शेर म्हणजे एक पायली, हे कोष्टक खेड्यातून आलेल्या मुलाने आपल्या आजीच्या तोंडून ऐकलेले असते. भांडारात ‘पितळी भांडे’ एवढ्याच नावाने पडून राहिलेल्या वस्तूला असा विद्यार्थी तिचे नाव परत देऊ शकतो. खेदाची गोष्ट अशी की, बऱ्याच ठिकाणी या कामाला वेतन नसते आणि राहण्याची सोयही नसते. त्यामुळे ज्यांच्या घरी ही मापे अजून कोनाड्यात असतील, त्याच मुलांना शहरात येऊन महिनाभर राहणे परवडत नाही. ही उणीव दूर झाली पाहिजे.

शेवटच्या आठवड्यात बहुधा माहितीफलक लिहिण्यास सांगतात. मुंबईतील भायखळ्याच्या डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाबाहेर दगडाचा एक प्रचंड हत्ती आहे. तो मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी बेटाला एलिफंटा हे नाव दिले. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्याच्या खटपटीत पडून फुटला. त्याचे तुकडे मुंबईला आणले आणि १९१४ साली ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. ही सारी हकीकत पन्नास शब्दांत बसवून पाहा! बेटाचे नाव सांगावे की हत्ती फुटल्याची गोष्ट? पहिले वाक्य कोणते? उन्हात उभ्या असलेल्या, आईचा हात ओढणाऱ्या लहान मुलालाही वाचावेसे वाटेल असे ते हवे. विद्यार्थी लिहितात, खोडतात, पुन्हा लिहितात. वर्षे मूळ नोंदीशी ताडून पाहतात.

चुका होतातच. एखादी कपची हातून गळून पडते. अशा वेळी हालचाल थांबवून जमिनीवरचा कणही न झाडता तत्काळ अभिरक्षकांना सांगावयाचे, हा नियम पहिल्याच दिवशी बजावलेला असतो. कपची सापडली तर ती पुन्हा सांधता येते; लाजेखातर खिशात घातली, तर ती कायमची गेली. सांगणाऱ्याला कोणी रागावत नाही असे नाही. परंतु रागावून झाल्यावर सगळे जण गुडघे टेकून मेजाखाली तुकडा शोधू लागतात. तो मिळाला की लहान पाकिटात घालून त्यावर वस्तूचा क्रमांक घालतात आणि झालेला प्रकार तारखेनिशी नोंदवहीत लिहितात. त्या ओळीच्या शेवटच्या रकान्यात, नोंद करणाराची सही म्हणून, उमेदवार आपले नाव लिहितो.