एस्पेरे आणि एस्पेरे



वरचं शीर्षक वाचून टायपो झालाय असं वाटलं असेल, तर तुमची चूक नाही. देवनागरीत हे दोन्ही शब्द सारखेच दिसतात. माझ्या मराठी कानालाही ते सारखेच ऐकू यायचे. या दोन शब्दांमधल्या फरकापायी 2022 च्या ऑक्टोबरात माझी सहा वर्षांची मुलगी शाळेच्या ऑफिसात पन्नास मिनिटं दप्तर मांडीवर घेऊन बसून होती. त्याची ही हकीकत, आणि त्यानिमित्ताने एका स्पॅनिश क्रियापदाची.

आम्ही डॅलसजवळ आयर्विंगला राहतो. दोघंही नोकरीला. शाळा सुटल्यावर मुलीला घरी आणून साडेपाचपर्यंत सांभाळायला एल साल्वादोरच्या एक बाई आहेत. मुलगी त्यांना 'तिया' म्हणते. स्पॅनिशमध्ये तिया म्हणजे मावशी, आत्या, काकू, मामी, सगळ्या एका शब्दात. (आपल्याकडे या चौघींना एका शब्दात बसवून बघा, लग्नात जेवणावळी उठतील.) तियांना इंग्रजी जेमतेम, मला स्पॅनिश जेमतेम. मुलीला मात्र दोन्ही येतं, वर मराठीही. घरात दुभाष्याचं काम तिच्याकडेच.

त्या दिवशी मी तियांना सांगून ठेवलं होतं की आज मीच शाळेतून मुलीला घेईन, एक मीटिंग लवकर संपतेय. मीटिंग संपली, पण हायवेवर अपघात झाला होता आणि गाड्या मुंगीच्या पावलांनी सरकत होत्या. तिया शाळेपासून दहा मिनिटांवर राहतात. म्हटलं त्यांनाच सांगू, 'शाळेच्या दाराशी थांबा.' गाडी चालवताना टाईप करता येईना, म्हणून व्हॉइस मेसेज पाठवला: "एस्पेरे एन ला पुएर्ता दे ला एस्कुएला. ग्रासियास." आपण स्पॅनिशमध्ये अख्खं वाक्य बोललो याचा आनंद वेगळाच.

तियांनी मेसेज ऐकला आणि निश्चिंत होऊन भाजी चिरायला घेतली. कारण मी जे बोललो त्याचा अर्थ होता, 'मी शाळेच्या दाराशी थांबलो. धन्यवाद.'

आता जरा व्याकरण. कंटाळू नका, मजा इथेच आहे.

क्रियापद आहे 'एस्पेरार', म्हणजे वाट पाहणे, थांबणे. अत्यंत सरळमार्गी क्रियापद. शेवटचं 'आर' काढायचं, 'एस्पेर' उरतो, त्याला प्रत्यय लावत जायचं. स्पॅनिश क्रियापदांची तीन घराणी आहेत, आर, एर आणि ईर. त्यातलं आर सगळ्यात मोठं, आणि नवीन शब्द आला की तो बहुधा याच घराण्यात दत्तक जातो. आपल्या धंद्यातली 'फॉर्मातेआर' आणि 'चातेआर' ही क्रियापदं बघा, कशाची ते सांगायला नकोच. म्हणजे एक एस्पेरार पाठ झालं की हजारो क्रियापदं फुकट. मला वाटलं होतं, लुकअप टेबल आहे, एका वीकएंडचं काम.

टेबलमध्ये जे दिसत नव्हतं ते म्हणजे जोर. कुठल्या अक्षरावर जोर द्यायचा यावर काळ बदलतो. यापुढे जोराच्या अक्षरानंतर मी ' अशी खूण करतो. एस्पे'रो म्हणजे मी थांबतो, एस्पेरो' म्हणजे तो किंवा ती थांबली. एस्पे'रे म्हणजे 'थांबावे', एस्पेरे' म्हणजे 'मी थांबलो'. एस्पेरारा' म्हणजे ती थांबेल, आणि एस्पेरा'रा म्हणजे ती थांबावी (असं वाटत होतं, पण थांबली नाही) अशा छापाचं काहीतरी. स्पॅनिशचा नियम तसा साधा आहे. शब्द स्वराने, 'न'ने किंवा 'स'ने संपला तर जोर शेवटून दुसऱ्या अक्षरावर. अपवाद असेल तर लिहिताना डोक्यावर तिरकी रेघ. म्हणजे मी तो मेसेज टाईप केला असता, तर रेघ द्यायला नक्की विसरलो असतो, आणि आळसापोटी बरोबर लिहून गेलो असतो. बोललो म्हणून फसलो. मराठीत आपण शब्दावर जोर देतो तो भांडताना, काळ बदलायला नाही.

शाळेत पोचलो तेव्हा चार वाजायला दहा मिनिटं होती. ऑफिसातल्या बाई काही बोलल्या नाहीत, फक्त सही करायला रजिस्टर पुढे केलं. मुलगी रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. गाडीत बसल्यावर म्हणाली, "बाबा, मी वाट बघत होते, बघत होते, बघत होते." नंतर तियांच्या घरी तेच स्पॅनिशमध्ये सांगितलं: एस्पेरा'बा, ई एस्पेरा'बा, ई एस्पेरा'बा. तियांनी तिला पोटाशी धरलं. माझ्याकडे बघून एक लांबलचक वाक्य म्हणाल्या. ते मुलीने मला खाली मान घालून मराठीत सांगितलं: "तिया म्हणतेय, बाबांनी फोन केला असता तर मी थांबले असते."

त्या रात्री झोप लागली नाही. उठून एक्सेल उघडलं आणि एस्पेरार भरायला बसलो. सहा पुरुष-वचनं (त्यातलं एक, स्पेनमधलं 'तुम्ही लोक', लॅटिन अमेरिकेत वापरत नाहीत, ते सोडून दिलं), आडवे काळ. नुसती एकशब्दी रूपंच पन्नासच्या घरात जातात. इंग्रजी पुस्तकातली नावं समोर होती, प्रेटेरिट, इम्पर्फेक्ट, सबजंक्टिव्ह वगैरे. इंग्रजीतून यातला प्रत्येक रकाना मला एक स्वतंत्र संकट वाटत होता. दोन भूतकाळ कशाला हवेत? आणि हा सबजंक्टिव्ह म्हणजे नेमकं काय?

तिकडे वाईला सकाळ झाली होती. बाबांना व्हिडिओ कॉल लावला. बाबा निवृत्त मराठी शिक्षक. नातीची गोष्ट ऐकून आधी मला नीट सुनावलं, ते इथे देत नाही. मग म्हणाले, "वाच तुझा तक्ता."

मी वाचला. बाबांनी मध्येच थांबवलं. "हे एस्पेरे' आणि एस्पेराबा, दोन्ही भूतकाळच ना? मग अडचण कसली? एक साधा भूतकाळ, दुसरा रीतिभूतकाळ नाहीतर अपूर्ण. 'आजी थांबली' आणि 'आजी रोज दारात थांबत असे'. तुला शाळेत शिकवलं होतं मी हे."

शिकवलं होतंच. 'मी जात असे', 'ती वाट पाही'. परीक्षेनंतर कधी हात लावला नव्हता. इंग्रजीत दोन्हीकडे एकच 'वेटेड' चालून जातं, म्हणून मी अडलो होतो. मराठीतून बघितलं तर रकाना आपोआप भरत होता. माझ्या हिशेबात मुलगी पन्नास मिनिटं थांबली, सुरुवात तीन, शेवट तीन-पन्नास, लॉगमध्ये एक ओळ. त्याला एस्पेरो'. तिने स्वतः सांगताना एस्पेरा'बा वापरलं. त्या रूपाला शेवट नसतो. आतून बघणाऱ्याला तो दिसत नाहीच.

मग सबजंक्टिव्ह. मी म्हटलं, बाबा, हे काळात बसत नाही, हा म्हणे मूड आहे. बाबा हसले. "त्याला आपण 'अर्थ' म्हणतो. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. 'थांब' काय आहे?"

"आज्ञार्थ."

"आणि 'आपण थांबावे'?"

"विध्यर्थ," म्हटलं, आणि अंगावर काटा आला. कारण तक्त्यात नेमकं तेच होतं. स्पॅनिशमध्ये 'तू'ला सांगायचं तर एस्पे'रा, आज्ञार्थ. पण मानाने 'उस्तेद'ला सांगायचं तर आज्ञार्थाला स्वतःचं रूपच नाही, तो सबजंक्टिव्हकडून उसनं घेतो: एस्पे'रे. थांबावे. 'उस्तेद' हा शब्दच मुळात 'आपली कृपा' अशा अर्थाच्या संबोधनाचा झिजून झालेला, म्हणून क्रियापद तृतीय पुरुषी. 'रावसाहेबांनी बसावं' म्हणतो ना आपण, समोर बसलेल्या रावसाहेबांनाच, तसं. आणि नकार द्यायचा झाला तर 'तू'लासुद्धा विध्यर्थ लागतो: नो एस्पे'रेस.

बाबा आता रंगात आले होते. कपाटातून मोरो केशव दामल्यांचं 1911 चं शास्त्रीय मराठी व्याकरण काढलं (हे दामले म्हणजे केशवसुतांचे धाकटे भाऊ), चष्मा बदलला. तियांचं ते लांबलचक वाक्य मी मुलीकडून लिहून घेतलं होतं: सी उस्तेद' उबिये'रा यामा'दो, यो आब्री'आ एस्पेरा'दो. संकेतार्थ! फरक एवढाच की आपण दोन्हीकडे 'असता-असते' वापरतो. त्यांच्या पुस्तकी वाक्यात जर-तरच्या 'जर'ला एक रूप आणि 'तर'ला दुसरं. जे घडलं नाही त्याचेही दोन भाग. एक माझा, एक तियांचा.

भविष्यकाळ मात्र पटकन झाला. एस्पेरारे' म्हणजे अख्खं एस्पेरार आणि त्याला चिकटलेलं 'आहे'च्या जातीचं जुनं सहायक क्रियापद. रोजच्या बोलण्यात तिया तो वापरतच नाहीत, 'वोय आ एस्पेरा'र' म्हणतात. थांबेन आणि थांबणार आहे, एवढाच फरक. एक रकाना तर चक्क मेलेला निघाला: भविष्याचा सबजंक्टिव्ह, एस्पेरा'रे, फक्त जुन्या कायद्याच्या भाषेत उरलेला. आणि एक रूप पुस्तकात नव्हतंच. मुलगी मला सारखं एस्पेरा' म्हणते, जोर शेवटी. मी दुरुस्त करायला गेलो तर तिया म्हणाल्या बरोबर आहे. एल साल्वादोरमध्ये घरच्या माणसाला 'तू' नाही, 'वोस' म्हणतात, आणि वोसचा आज्ञार्थ तसाच होतो. म्हणजे आमच्या घरातला मराठी मुलीचा स्पॅनिश आज्ञार्थ साल्वादोरी आहे. असो.

हे सगळं झाल्यावरही एक गोष्ट तक्त्यात बसली नाही. एस्पेरारचे अर्थ दोन आहेत. वाट पाहणे, आणि आशा करणे. आपल्या ग्रुपमधल्या बहुतेकांना हे क्रियापद वेगळं शिकवायला नको. प्रायॉरिटी डेट काढून बसलेले आपण सगळे त्याच्या चालू वर्तमानात राहतो. पण मला नेहमी वाटायचं की हे दोन अर्थ वेगळे ठेवलेले बरे. आई गेटपाशी वाट बघते ते एक, आणि 'होईल रे यंदा' म्हणते ते दुसरं. आशा या अर्थी वापरलं की मागून येणारं क्रियापद बहुधा सबजंक्टिव्हमध्ये जातं, आपल्या 'तो यावा अशी आशा आहे' मधल्या 'यावा'सारखं. म्हणजे व्याकरण फरक ओळखतं, शब्द ओळखत नाही.

आता मी व्हॉइस मेसेज पाठवण्याआधी दोनदा ऐकतो, आणि शेवटी 'योगो आ लास त्रेस' करत वेळ पण सांगतो. ('योगो' नाही, 'येगो'. मुलीने आत्ताच मागून वाचून सुधारलं.)

गेल्या डिसेंबरात मुलीला आणायला गेलो तेव्हा तिया पुपुसा थापत होत्या. त्यांचा मुलगा तिकडे सान मिगेलला आहे, त्याचे कागद बरीच वर्षं अडकलेत. मी विचारलं, काही बातमी? म्हणाल्या, "एस्पे'रो के ये'गे." पोहोचावा. विध्यर्थ, बरोबर रकान्यात. मग थोडं थांबून म्हणाल्या, "एस्पे'रो आ मी ई'खो." मुलाची वाट पाहतेय.

माझ्यातला इंजिनियर गप्प बसेना. विचारलं, म्हणजे आशा की वाट? नक्की कुठलं?

त्यांना प्रश्नच कळला नाही. मुलीकडे बघितलं, तिने खांदे उडवले. "एस्पे'रो, पुएस," तिया म्हणाल्या, आणि तव्यावरचा पुपुसा उलटला.