रेंज आहे, पण डेटा का पोहोचत नाही?

मोबाइलवर रेंज फुल दिसते, तरी मेसेज जात नाही, हा अनुभव बहुतेकांना असतो. ‘ॲड-हॉक’ नेटवर्कमध्ये हाच प्रकार फार महागात पडू शकतो. अशा नेटवर्कमध्ये मध्यवर्ती राउटर नसतो. एक लॅपटॉप दुसऱ्याकडे, दुसरा तिसऱ्याकडे डेटा पुढे सरकवतो. आगीत इमारतीतील नेहमीची यंत्रणा बंद पडली, तर बचाव पथकाला असे नेटवर्क उपयोगी पडावे, ही त्यामागची एक कल्पना.

डेटाने कोणत्या वाटेने जायचे, हे राउटिंग प्रोटोकॉल ठरवतो. सुरुवातीला या प्रोटोकॉलच्या चाचण्या मुख्यतः संगणकावरील सिम्युलेशनमध्ये होत. ठरावीक अंतराच्या आत सगळे पोहोचते, बाहेर काहीच नाही, असे तिथे अनेकदा सोयीसाठी धरले जाई. भिंती आणि ये-जा करणारी माणसे हिशेबातच नसत.

स्वीडनमधील उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी मग खरोखरच माणसांना लॅपटॉप घेऊन चालायला लावले. केव्हा कुठे जायचे, हे प्रत्येकाच्या स्क्रीनवर दिसे; जणू नाटकाची तालीमच. तीच चाल पुन्हा घडवता आली, तरच दोन प्रोटोकॉलची तुलना न्याय्य ठरते. वायरलेस चाचणीतली खरी डोकेदुखी हीच.

या प्रयोगांतून २००२ मध्ये एक गोम समोर आली. शेजारी कोण आहे हे कळावे म्हणून एओडीव्ही प्रोटोकॉलमध्ये लॅपटॉप ठरावीक वेळाने ‘हॅलो’ पॅकेट सोडतात. हे पॅकेट छोटे असते आणि कमी वेगाने पाठवले जाते, म्हणून ते लांबवर ऐकू येते. खरा डेटा मोठ्या पॅकेटमध्ये, जास्त वेगाने जातो. त्याची पोहोच कमी. मधल्या पट्ट्यात प्रोटोकॉलला वाट शाबूत वाटते आणि डेटा मात्र हरवत राहतो. या पट्ट्याला ‘ग्रे झोन’ म्हणतात. क्षीण सिग्नलचे हॅलो मोजायचेच नाहीत, हा त्यावरचा एक उपाय.

मग प्रत्येक दुव्यावर किती पॅकेट हरवतात ते मोजून वाट निवडली तर? मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी २००४ मध्ये कार्यालयातील २३ संगणकांवर हे तपासले. संगणक जागेवर असताना ‘ईटीएक्स’ ही मोजणीची पद्धत सरस ठरली. पाठवणारा चालू लागला, तेव्हा मात्र कमीत कमी टप्प्यांची वाट निवडण्याचा जुना, साधा नियमच पुढे गेला: मोजणी पुरी होईपर्यंत माणूस तिथून निघून गेलेला असे.