ओसाड पत्त्यांवरची टकटक

समजा, गगनबावड्यातल्या एखाद्या झेरॉक्सच्या दुकानातल्या संगणकात वर्म, म्हणजे स्वतःहून पसरणारा घातक प्रोग्राम, शिरलाय. सातबाऱ्याच्या प्रिंटा झकास निघताहेत, मालकाला कशाचीच खबर नाही. आणि तिकडे कॅलिफोर्नियात कुणाला तरी ते कळलंय!

कसं? अशा वर्मला पसरायला कुणी क्लिक करण्याची गरज नसते. तो आयपी पत्त्यांचे, म्हणजे इंटरनेटवरच्या यंत्रांच्या पत्त्यांचे, आकडे अंदाजपंचे काढतो आणि एकेक दार ठोठावत सुटतो. जुन्या पद्धतीचे असे पत्ते सुमारे 430 कोटी. त्यातले कितीतरी ओसाड. कॅलिफोर्नियातल्या सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या संशोधकांनी अशाच ओसाड पत्त्यांवर कान लावले. एके काळी एकूण पत्त्यांचा जवळजवळ 256वा भाग त्यांच्या नजरेखाली होता. जिथे कुणी राहतच नाही, तिथे टकटक करायला असा वर्म नाही तर कोण येणार?

25 जानेवारी 2003 ला ‘स्लॅमर’ नावाचा असाच एक वर्म आला. अवघा 376 बाइटांचा, म्हणजे या परिच्छेदापेक्षाही लहान! सुरुवातीला दर साडेआठ सेकंदांनी बाधित संगणक दुप्पट होत गेले. किमान 75 हजार यंत्रं त्याच्या तावडीत सापडली, आणि त्याला बळी पडू शकणाऱ्यांपैकी नव्वद टक्के पहिल्या दहा मिनिटांतच. त्याला अडवणारी दुरुस्ती सहा महिने आधीच उपलब्ध होती, हे विशेष.

पण ओसाड पत्त्यांवर कान लावून ऐकणाऱ्याला कळतो तो फक्त टकटक करणाऱ्या पत्त्याचा आकडा आणि वेळ. तो आकडा कुणाचा, हे इंटरनेट देणाऱ्या कंपनीच्या नोंदवहीतच असतं. म्हणून तक्रार तिच्याकडेच जाते. त्यातही वेळ अचूक हवी. घाटातल्या पावसात वीज गेली-आली, की राउटर पुन्हा सुरू होतो आणि बहुतेकदा नवा पत्ता घेतो. जुना दुसऱ्याच कुणाला मिळतो. तक्रारीतले रात्रीचे आठ जागतिक वेळेनुसार असतील, तर आपल्याकडे मध्यरात्रीनंतरचा दीड वाजलेला असतो. हे साडेपाच तास विसरले, की भलत्याच घरी फोन! मोबाइलवर तर एकाच पत्त्याआड कितीतरी ग्राहक, त्यामुळे त्या जोडणीचा पोर्ट क्रमांकही लागतो.

भारतात अशा तक्रारी पोचवण्याचं काम सर्ट-इन ही सरकारी संस्था करते. 21 फेब्रुवारी 2017 ला तिचं सायबर स्वच्छता केंद्र सुरू झालं. बाधित पत्ते केंद्राकडून कंपन्यांकडे, तिथून ग्राहकाकडे. सफाईचं मोफत साधन पुण्याच्या क्विक हील कंपनीनं दिलं.

मला वाटतं, साखळी तुटते ती शेवटी. ‘तुमचा संगणक बाधित आहे, या लिंकवर जा’ हा खरा संदेश हुबेहूब भामट्याच्या संदेशासारखा दिसतो. म्हणून त्या लिंकला हात न लावता केंद्राचं संकेतस्थळ स्वतः शोधून उघडावं. साधन तिथेच मिळतं.