चाक थांबतं, पण तो जोर जातो कुठं?

सॅन फ्रान्सिस्कोच्या उत्तरेला, मरिन काउंटीतल्या फेअरफॅक्स गावाजवळ रीपॅक नावाचा डोंगरातला कच्चा रस्ता आहे. १९७६ पासून तिथं काही तरुण जाड टायरच्या जुन्या सायकली घेऊन उतारावर शर्यती लावू लागले. तीनेक किलोमीटरमध्ये सुमारे ४०० मीटर उतरायचं. ब्रेक मागच्या हबच्या, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याच्या आत, पायडल उलटं फिरवलं की लागणारा. खाली पोचेपर्यंत हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि पुढच्या फेरीआधी नवं भरावं लागायचं.

गणित मांडून पाहा. स्वार आणि सायकल मिळून ८५ किलो धरले, तर ४०० मीटर उतरताना सुमारे ३,३३,००० ज्यूल ऊर्जा मोकळी होते. २० अंशांवरचं एक लिटर पाणी उकळायला जवळजवळ तेवढीच लागते! त्यातली काही हवा खाते, बाकीची बहुतेक ब्रेकच्या वाट्याला येते. पुढं माउंटन बाइकवर रिमला घासणारे ब्रेक आले. कोरड्यात ते उत्तम चालतात. पण चिखलात, पावसात रबर घसरतं आणि रिमही झिजत जाते. डिस्क चिखलापासून दूर, चाकाच्या मध्याशी असते. म्हणून ज्यांच्याकडे नव्वदच्या दशकातली हलकी, देखणी कार्बन फ्रेम आहे, त्यांना वाटतं, हिलाही डिस्क ब्रेक लावावेत.

खरं नवल इथून सुरू होतं. ब्रेक चाकाला अडवतो, तेव्हा चाकही ब्रेकला आपल्याबरोबर ओढत असतं. ती ओढ शेवटी फ्रेमला सोसावी लागते. मागचा टायर जमिनीवर २० किलोचा जोर लावून गाडी थांबवतोय, असं समजा. टायरची त्रिज्या ३३ सेंटिमीटर. रिम-ब्रेक आसापासून सुमारे २७ सेंटिमीटरवर पकडतो, त्यामुळे त्याच्यावर साधारण २४ किलोची ओढ येते आणि तीही दोन्ही बाजूंच्या नळ्यांत वाटली जाते. १६० मिलिमीटरच्या डिस्कवर मात्र पॅड आसापासून सात-साडेसात सेंटिमीटरवरच असतात. तिथं तीच ओढ ९० किलोंच्या घरात जाते, आणि सगळी एकट्या डाव्या बाजूवर!

स्टीलची नळी हा भार निमूट घेईलही. कार्बनचं तसं नाही. त्याचा एक तंतू सुमारे ७ मायक्रॉनचा. एका मिलिमीटरमध्ये शेजारी शेजारी १४० तंतू मावतील. लांबीच्या दिशेनं ओढा, ताकद अचाट. आडव्या दिशेनं मात्र त्यांना फक्त इपॉक्सीचा आधार. म्हणून फ्रेम घडवणारा थरावर थर ठेवतो, काही उभे, काही तिरपे, जिथून जोर येणार तिकडे वळवलेले. ट्रेक कंपनीच्या १९९२च्या ओसीएलव्ही फ्रेमपासून आजवरच्या प्रत्येक कार्बन फ्रेममध्ये जोराचा असा नकाशा गोठलेला आहे. जुन्या फ्रेमच्या नकाशात डाव्या आसाजवळच्या त्या ९० किलोंची नोंदच नाही.

म्हणून डिस्क ब्रेक बसवण्यासाठी बाजारात मिळणारा धातूचा चिमटा अशा नळीवर आवळू नये. पातळ भिंत बाजूनं दाबली गेली की आतले थर सुटू शकतात, आणि बाहेरच्या रंगावर चरासुद्धा दिसत नाही.

मग रीत काय? एक रीत म्हणजे नवे थर चढवणं. रंग खरवडून, कडा उतरत्या घासून, ब्रेक अडकवायला ५१ मिलिमीटर अंतरावर दोन भोकं असलेला ॲल्युमिनियमचा तुकडा बसवायचा. त्याच्या नि कार्बनच्या मध्ये काचतंतूंचा थर हवाच, कारण कार्बन वीजवाहक आहे. घामाचं खारं पाणी शिरलं की ॲल्युमिनियम कुजतं. वर ४५ अंशांत कापड गुंडाळायचं, निर्वात पिशवीत दाबून ऊब देत कडक करायचं. पॅड आणि डिस्क यांत मिलिमीटरपेक्षाही कमी फट असते, तेव्हा तुकडा आसाशी अचूक काटकोनात बसायला हवा.

दुसरी रीत मला फार आवडते. कॅलिपरचा, म्हणजे पॅड धरून ठेवणाऱ्या भागाचा जोर एका लांब, ताठ दांड्यानं वर जुन्या रिम-ब्रेकच्या खुंटीपर्यंत न्यायचा. आसापासून २५ सेंटिमीटरवर तोच जोर २६-२७ किलोंवर येतो, आणि तिथं ब्रेकचा भार घेणारे तंतू आधीच आहेत. रीपॅकवरच्या त्या हबलाही मागच्या नळीला बांधलेला असा दांडा असायचा! अर्थात दांड्याचा जोर खुंटीवर कुठल्या दिशेनं येतो, हे जाणकारानं तपासल्याशिवाय हात घालू नये.

माझं मत विचाराल, तर मागच्या बाजूला हातच लावू नका. जोरात ब्रेक लावताना शरीराचा भार पुढे झुकतो आणि थांबवण्याचं बहुतेक काम पुढचं चाक करतं. डिस्कची सोय असलेला, जुन्याच उंचीचा फोर्क आणि त्याला साजेसा हब पुढे बसवा, मागे रिम-ब्रेक राहू द्या. तरीही मागे डिस्क हवीच असेल, तर काम कार्बनची दुरुस्ती रोज करणाऱ्या कारागिराकडेच द्या.