नवं व्हर्जन रखडलं, सगळे एका माणसावर ओरडले आणि जगभरचे सर्व्हर हॅक होता होता वाचले

29 मार्च 2024. मायक्रोसॉफ्टमध्ये काम करणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरने एक मेल टाकला आणि सर्व्हर सांभाळणाऱ्यांची झोप उडाली. त्याला शंका का आली? तर सर्व्हरवर लॉगिन व्हायला जेमतेम अर्धा सेकंद जास्त लागत होता.

त्याने खोदून पाहिलं, तर 'एक्सझेड युटिल्स' नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी चोरदरवाजा बसवला होता. ज्याच्याकडे चावी, तो थेट सर्व्हरमध्ये घुसू शकत होता.

हे एक्सझेड काय आहे?

फाईल दाबून छोटी करणारं सॉफ्टवेअर. नाव कुणी ऐकलेलं नसतं, पण लिनक्सच्या बहुतेक सगळ्या प्रकारांत ते असतं. आणि आपण रोज उघडतो त्यातल्या असंख्य वेबसाईट्स लिनक्सवरच चालतात.

एक्सझेड ओपन सोर्स आहे. म्हणजे कोड सगळ्यांसाठी खुला, बदल कुणीही सुचवावा. पण तो बदल तपासायचा, आत घ्यायचा आणि नवं व्हर्जन रिलीज करायचं, हे काम 'मेंटेनर'चं. एक्सझेडचा मेंटेनर होता एकच माणूस, लासे कॉलिन. तोही बिनपगारी.

मग रिलीज का रखडलं?

मार्च 2020 मध्ये 5.2.5 हे व्हर्जन आलं. त्यानंतरचं 5.2.6 आलं थेट ऑगस्ट 2022 मध्ये. मधल्या काळात लोकांची कुरकुर वाढली. जून 2022 मध्ये काही जणांनी मेलवरून त्याच्यामागे तगादा लावला. सूर असा की, तुला जमत नसेल तर दुसऱ्याकडे दे. आपली मानसिक तब्येत बरी नाही आणि हा आपला बिनपैशांचा छंद आहे, असं कॉलिनने सांगून पाहिलं.

तेव्हा मदतीला होता 'जिया टॅन'. 2021 पासून तो नेमाने कोड पाठवत होता. हळूहळू विश्वास बसला, त्याच्या हातात अधिकार आले आणि रिलीजही तोच करू लागला. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याने 5.6.0 आणलं, चोरदरवाजासकट!

जिया टॅन या नावामागे कोण आहे, हे आजवर उघड झालेलं नाही. तगादा लावणारी ती खातीही बनावट असावीत, असा अनेक तज्ज्ञांचा संशय आहे. नशीब इतकंच, की हे व्हर्जन बहुतेक ठिकाणी चाचणीच्या टप्प्यावर असतानाच पकडलं गेलं.

यातून आपण काय घ्यायचं?

आपल्याला वाटतं, ओपन सोर्स म्हणजे हजारो लोक मिळून काम करतात. मोठ्या प्रोजेक्टमध्ये करतातही. पण छोट्या प्रोजेक्टमध्ये कोड पाठवणारे चार मिळतात, तो ओळ न् ओळ तपासणारा एकच असतो. चार नवे हात आले की त्याचं काम कमी होत नाही, उलट तपासायचं वाढतं.

म्हणून मदत करायचीच तर कंटाळवाणी कामं उचला. चाचणी घ्या, बग नीट लिहून कळवा, भाषांतर करा. त्यावर धंदा करणाऱ्या कंपन्यांनी पैसे द्यावेत. आणि 'अपडेट कधी?' असं विचारण्याआधी एवढं बघा, की उत्तर देणारा माणूस एकटाच तर नाही ना. थकलेल्या माणसावर वाढवलेला दबाव कुणाच्या फायद्याचा ठरतो, ते एक्सझेडने दाखवून दिलंय.