इंडक्शन शेगडी बंद पडली? आधी पडताळा, मग पैसे मोजा

गॅसचा सिलिंडर अवेळी संपला की आता पुष्कळ घरांत इंडक्शन शेगडीच मदतीला येते. पोटाला चिमटा काढून, हप्त्याने घेतलेली ही वस्तू एखाद्या दिवशी अचानक रुसते. टीं-टीं आवाज येतो, काचेवर ‘ई’ हे अक्षर आणि पुढे एखादा आकडा लुकलुकतो. दुरुस्तीच्या दुकानात नेली की पुष्कळदा एकच उत्तर मिळते, ‘बोर्ड गेला!’ आणि एक-दोन दिवसांची मजुरी त्या बोर्डापायी जाते. वास्तविक कित्येकदा बोर्ड शाबूत असतो. दोष भांड्यात, प्लगात किंवा विजेच्या दाबात असतो. जमाखर्चाचा ताळा जुळला नाही म्हणून कारकून वही फाडून टाकत नाही, एकेक नोंद पडताळतो. शेगडीचेही तसेच करावे.

आधी ही शेगडी चालते कशी ते समजून घेऊ. लोहाराच्या घरी जन्मलेल्या आणि बुकबाइंडरकडे उमेदवारी केलेल्या मायकेल फॅरडे यांनी १८३१ साली विद्युत प्रवर्तनाचा शोध लावला. त्याच तत्त्वावर ही शेगडी चालते. काचेखाली तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. ‘आयजीबीटी’ नावाचा इलेक्ट्रॉनिक स्विच त्यातला प्रवाह सेकंदाला वीस हजारांहून अधिक वेळा चालू-बंद करतो. त्यामुळे बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होऊन भांड्याचा बूडच तापतो. काच तापते ती भांड्यामुळे. काचेच्या मधोमध खालून टेकलेला थर्मिस्टर उष्णता मोजतो, पंखा आतले भाग थंड ठेवतो आणि या सर्वांवर बोर्ड देखरेख करतो. काही बिघडले की तो काम थांबवून आकडा दाखवतो. मात्र एकाच आकड्याचा अर्थ प्रत्येक कंपनीत वेगळा असतो. म्हणून शेगडीसोबत आलेली पुस्तिका रेशनकार्डासारखी जपून ठेवा.

आता लक्षणे पाहू.

शेगडीत जीवच नाही : त्याच सॉकेटला इस्त्री लावून पाहा. इस्त्री तापली नाही तर दोष सॉकेटचा किंवा वायरिंगचा. २००० वॅटची शेगडी सुमारे ९ अँपिअर प्रवाह घेते. तिला ६ अँपिअरचे साधे सॉकेट किंवा एक्स्टेन्शन बोर्ड पेलत नाही. प्लग काळा पडतो, वितळतो. १६ अँपिअरचे, अर्थिंग असलेले सॉकेटच हवे. सॉकेट चांगले असून शेगडी मेलेली असेल, तर आतला फ्यूज उडालेला असू शकतो. तो बहुधा आयजीबीटी किंवा रेक्टिफायर शॉर्ट झाल्यामुळे उडतो. नुसता फ्यूज बदलला तर नवाही उडेल. हे काम जाणकाराचेच.

दिवे लागतात, पण भांडे तापत नाही : भांड्याच्या बुडाला लोहचुंबक लावा. घट्ट चिकटला पाहिजे. साधे हिंडालियम, तांबे, पितळ इथे चालत नाही. बूड फार लहान किंवा फुगलेला असला तरी शेगडी भांडे ओळखत नाही.

थोडा वेळ चालते आणि थांबते : पंख्याचा आवाज येतो का ऐका. खालची जाळी धूळ आणि तेलकटपणाने बुजली असेल, किंवा शेगडीखाली कागद, प्लास्टिक अंथरले असेल, तर आत हवा जात नाही. प्लग काढून, शेगडी थंड झाल्यावर कोरड्या ब्रशने जाळी साफ करा. स्वयंपाक झाल्यावरही पंखा चालू असेल तर तो थांबेपर्यंत प्लग काढू नका.

ठरावीक वेळीच आकडा येतो : विजेचा दाब तपासा. संध्याकाळी दिवे मंद होत असतील आणि सकाळी शेगडी नीट चालत असेल, तर दोष शेगडीचा नाही.

थंड असतानाही उष्णतेचा आकडा येतो : थर्मिस्टर किंवा त्याची तार तुटलेली असू शकते. पुष्कळ शेगड्यांत त्याचा रोध २५ अंश सेल्सिअसला सुमारे १०० किलोओहम असतो आणि तापल्यावर कमी होतो. मेकॅनिक मीटरवर तो क्षणात तपासू शकतो. हा भाग बोर्डाच्या मानाने फार स्वस्त असतो.

बटणे आपोआप दाबली जातात : काचेवर पाणी किंवा तेल सांडले असेल. पुसून, पूर्ण कोरडी होऊ द्या.

भगिनींनो, एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. काचेला तडा गेला की शेगडी वापरू नका. आत पाणी झिरपून शॉक बसू शकतो. झाकणही घरी उघडू नका. आत सुमारे ३२५ व्होल्टचा डीसी दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये काही काळ वीज साठून राहते.

दुकानात जाताना कोणता आकडा आला, किती मिनिटांनी आला, कोणते भांडे होते, हे कागदावर लिहून न्या. बदललेला जुना भाग आणि पक्की पावती मागून घ्या. वॉरंटीत असूनही दाद मिळाली नाही, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. माहिती घेऊन जाणाऱ्या गिऱ्हाइकाला ‘बोर्ड गेला’ म्हणून परत पाठवणे सोपे नसते.